आईच्या ऑफिसात काय पाहिले?

दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावीच्या मुलांना आम्ही निबंधाला विषय दिला होता : ‘मी पाहिलेले आईचे किंवा बाबांचे ऑफिस’. आमची शाळा पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या वाटेवर आहे. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, काहींचे दोघेही, संगणकाच्या कंपन्यांत काम करतात. या कंपन्यांत वर्षातून एक दिवस कर्मचाऱ्यांच्या मुलांना ऑफिस पाहायला बोलावण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. तेव्हा मुलांना लिहायला भरपूर असेल, असे आम्हांला वाटले.

मुलांनी लिहिलेही भरपूर. काचेची लिफ्ट, थंडगार हवा, कार्ड दाखवले की आपोआप उघडणारा दरवाजा, हवे तेवढे सरबत देणारे यंत्र, फुगे, विदूषक, गालावर रंगवून घेतलेला वाघ आणि निघताना मिळालेली खाऊची पिशवी. एकामागून एक निबंध वाचताना आम्ही एकाच जत्रेची वर्णने वाचत आहोत असे वाटू लागले. मग एका मुलीची वही हाती आली. तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. ‘माझी आई ऑफिसात दिवसभर बसून असते. तिच्या टेबलावर माझे चित्र लावले आहे. ते पाहून मला खूप बरे वाटले. पण तिथे काम कुठे दिसले नाही.’

पालकसभेला त्या मुलीची आई आली तेव्हा आम्ही तिला त्या ओळी दाखवल्या. ती आधी हसली आणि मग थोडी गप्प झाली. म्हणाली, “खरंच आहे, बाई. मी काय करते ते मला तिला कधी सांगताच आलं नाही.” आम्ही विचारले, “तुम्ही काय करता?” तेव्हा तिने सांगितले ते असे : बँकेच्या व्यवहारांची जी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, असते ती तपासण्याचे तिचे काम. तुम्ही मोबाइलवरून कुणाला पैसे पाठवता आणि मध्येच रेंज जाते. पैसे गेले की नाही ते कळत नाही, म्हणून तुम्ही पुन्हा बटण दाबता. अशा वेळी तुमच्या खात्यातून पैसे एकदाच कापले गेले पाहिजेत, दोनदा नाही. ते तसे होते ना, हे शंभर प्रकारांनी करून पाहायचे.

भाजीवालीच्या गाडीवर टांगलेला तो काळा-पांढरा चौकोन आपण रोज मोबाइलने टिपतो आणि निर्धास्तपणे पुढे जातो. त्या निर्धास्तपणामागे या बाईसारख्या अनेकांचे काम आहे. आणि तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला, तिचे ऑफिस पाहून आल्यावरही, आई नुसती बसून असते असे वाटते! ही त्या मुलीची चूक नाही. तिने जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. विज्ञानाच्या वर्गात आपण तिला हेच तर शिकवतो.

एका कार्यक्रमाचे परीक्षण

पुढच्या वेळी अशाच एका कंपनीने मुलांबरोबर शाळेतल्या शिक्षकांनाही बोलावले तेव्हा आम्ही आवर्जून गेलो. पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करतात तसे या कार्यक्रमाचे करून पाहावे, असे मनात होते. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. आमच्या मुलांच्या निबंधांवरून पाहिले तर इतर ठिकाणचे कार्यक्रमही याच साच्याचे असावेत.

सकाळी दहाला फाटकावर नावे लिहून घेतली, गळ्यात अडकवायला पाहुण्यांची कार्डे दिली, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मग सभागृहात कंपनी किती देशांत पसरली आहे याची एक चित्रफीत झाली. त्यानंतर जादूचे प्रयोग, चित्रकलेची स्पर्धा आणि जेवण. शेवटी वीस मिनिटे ‘आईबाबांचे टेबल’ पाहण्याचा कार्यक्रम होता. टेबलांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक टेबलावर एक-दोन पडदे, आणि ते सगळे बंद. ग्राहकांची माहिती गोपनीय असल्यामुळे कुणाचाही पडदा चालू ठेवू नये अशी सूचना होती. मुले फिरत्या खुर्च्यांवर बसून गोल फिरली, फोटो काढणाऱ्या माणसाने फोटो काढले आणि एक वाजता बस निघाली.

मुलांचा दिवस आनंदात गेला, हे आधी नमूद करायला हवे. त्या आनंदाला आम्ही कमी लेखत नाही. आई रोज सकाळी आठला जाते ती कुठे जाते, कोणत्या खिडकीपाशी बसते, तिच्या शेजारच्या मावशी कशा दिसतात, हे कळणे मुलाला मोलाचे असते. आपले चित्र आईने तिथे लावले आहे, म्हणजे तिथेही तिला आपली आठवण येते, हे त्या मुलीला समजले ते तर कोणत्याही धड्यात सापडणार नाही. पण एवढेच साधायचे असेल तर त्याला ‘कामाची ओळख’ म्हणू नये. आमंत्रणपत्रिकेवर तर तेच शब्द छापलेले होते.

ही कल्पना मुळात कशासाठी निघाली ते पाहू. अमेरिकेत ‘मिस फाउंडेशन फॉर विमेन’ या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेने १९९३ साली मुलींना कामाच्या जागी घेऊन जाण्याचा दिवस सुरू केला. मुली वयात येऊ लागल्या की त्यांचा स्वतःवरचा विश्वास ओसरू लागतो, अशा अर्थाचे कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंचे संशोधन त्यामागे होते. मुलींनी बायकांना निरनिराळी कामे करताना, निर्णय घेताना पाहावे, म्हणजे ‘हे मलाही जमेल’ असे त्यांना वाटेल, ही अपेक्षा होती. २००३ पासून त्यात मुलांनाही अधिकृतपणे सामील करून घेतले गेले. आपल्याकडच्या कार्यक्रमांचा धागा थेट तिथवर जातो असा आमचा दावा नाही. पण तुलना करण्यासारखी आहे. त्या दिवसामागे एक प्रश्न होता : मुलीला काय दिसायला हवे? आम्ही पाहिलेल्या कार्यक्रमात हा प्रश्न कुणी विचारल्याचे जाणवले नाही.

काम दिसेनासे का झाले?

कुंभाराच्या आव्यापाशी उभ्या राहिलेल्या मुलाला काही समजावून सांगावे लागत नाही. माती दिसते, चाक दिसते, हात दिसतात. मुख्य म्हणजे चूक दिसते. मडके वाकडे झाले की कुंभार ते मोडतो आणि त्याच मातीचा गोळा पुन्हा चाकावर ठेवतो. शिंप्याच्या दुकानात, लोहाराच्या भात्याशी, येवल्याच्या पैठणीच्या मागावर हेच घडते.

जॉन ड्यूई यांनी १८९९ साली शिकागोतल्या आपल्या प्रयोगशाळेच्या पालकांपुढे व्याख्याने दिली. कारखाने आले आणि घरातले, आळीतले उद्योग मुलांच्या नजरेआड गेले, तेव्हा त्या उद्योगांतून मिळणारे शिक्षण आता शाळेने द्यायला हवे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याची गांधीजींची कल्पना तिथे मांडली गेली. दोघांची वाट वेगळी होती, पण चिंता एकच होती. मुलाला भोवतालचे जग कसे चालते ते करून आणि पाहून कळायला हवे.

संगणकावरच्या कामाने ही अडचण आणखी वाढवली आहे. कारखान्यात निदान यंत्राचा आवाज येतो आणि शेवटी काहीतरी बाहेर पडते. इथे कच्चा मालही दिसत नाही आणि पक्का मालही. दहा जण दहा वेगळी कामे करत असतात. एक जण ग्राहकाला नेमके काय हवे ते समजून घेतो, दुसरी आज्ञावली लिहिते, तिसरा ती तपासतो, चौथी रात्री जागून चालू यंत्रणेवर लक्ष ठेवते. पण पाहणाऱ्याला दहाही जण सारखेच दिसतात, पडद्याकडे बघत बसलेले. या कामाचा फार मोठा भाग चुका शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो, हे तर बाहेरच्या माणसाला कळतच नाही.

म्हणून संगणकाचे ऑफिस मुलांना दाखवणे अवघड आहे हे मान्य करू. पण ते अशक्य नाही. एका लहान मुलीने आईच्या अशाच कामाच्या जागी जे केले त्याची हकिगत शिक्षकांना उपयोगी पडेल.

लॉरेनने दाबलेले बटण

ही गोष्ट १९६० च्या दशकातली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेच्या इन्स्ट्रुमेंटेशन प्रयोगशाळेतली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या संगणकाची आज्ञावली तिथे तयार होत होती. मार्गारेट हॅमिल्टन या त्या कामातल्या एका गटाच्या प्रमुख झाल्या. त्यांना लॉरेन नावाची लहान मुलगी होती. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम असले की हॅमिल्टन तिला बरोबर घेऊन जात. तो काही समारंभ नव्हता. काम संपलेले नसायचे आणि मुलीला सोबत हवी असायची, इतके साधे कारण त्यामागे होते.

अपोलोचा संगणक आजच्या मानाने फारच छोटा होता. त्याची कायमची स्मृती ३६,८६४ शब्दांची आणि पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती अवघी २,०४८ शब्दांची. इथे ‘शब्द’ म्हणजे शून्य आणि एक यांचे सोळा अंक. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही आज याहून कितीतरी जास्त जागा घेतो. कायमची स्मृती चक्क विणलेली असे! तांब्याची तार बारीक चुंबकी कड्यातून ओवली तर एक, कड्याच्या बाहेरून नेली तर शून्य. वॉल्थॅम गावातल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका हे विणकाम करत. आज्ञावली डोळ्यांना दिसू शकते ती अशी. अंतराळवीर या संगणकाशी बोलत ते एका छोट्या कळफलकावरून. कोणता कार्यक्रम चालवायचा त्याचा क्रमांक तिथे दाबायचा.

आई उड्डाणाची नक्कल करून पाहत असताना लॉरेनला त्या कळा दाबायला आवडे. आपण अंतराळवीर आहोत असा तिचा खेळ चाले. एकदा नकली यान ‘उडत’ असताना तिने काही कळा दाबल्या आणि सगळी नक्कल कोलमडली. हॅमिल्टन यांनी पाहिले तर तिने ०१ क्रमांकाचा कार्यक्रम सुरू केला होता. तो उड्डाणाच्या आधी, यान जमिनीवर उभे असताना चालवायचा. संगणकाला वाटले की यान अजून तळावरच आहे, आणि त्याने प्रवासातली दिशांची माहिती टाकून दिली.

इथे आईने काय केले ते महत्त्वाचे. ‘हात लावू नकोस’ असे म्हणून ती थांबली नाही. लॉरेनकडून जे झाले ते अंतराळवीराकडूनही होऊ शकेल, असा विचार तिने केला. उड्डाण चालू असताना कुणी हा कार्यक्रम निवडला तर संगणकाने तो नाकारावा, अशी तरतूद आज्ञावलीत घालावी असे तिने सुचवले. वरून उत्तर आले की अंतराळवीर उत्तम शिकवलेले असतात, ते अशी चूक करणार नाहीत. शेवटी ‘उड्डाण चालू असताना हा कार्यक्रम निवडू नये’ अशी सूचना तेवढी कागदपत्रांत लिहिली गेली.

२१ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ चंद्राकडे निघाले. चंद्राला प्रदक्षिणा घालून यान परतत असताना जिम लॉव्हेल हे ताऱ्यांचे वेध घेऊन दिशा तपासत होते. त्या कामात त्यांच्याकडून नेमका ०१ क्रमांकाचाच कार्यक्रम दाबला गेला. संगणकाला पुन्हा वाटले की यान तळावर उभे आहे, आणि यान कोणत्या दिशेला वळलेले आहे हे तो विसरला. लॉव्हेल यांना व्याध आणि राजन्य या ताऱ्यांच्या आधाराने दिशा नव्याने बसवावी लागली. हे दोन तारे आपली मुले थंडीत गच्चीवरून मृगाच्या जवळपास सहज पाहू शकतात! दिशा बसली, आणि २७ डिसेंबरला यान सुखरूप समुद्रात उतरले. ज्या चुकीची शक्यता मोठ्यांनी नाकारली होती ती एका लहान मुलीने आधीच करून दाखवली होती.

ही गोष्ट सांगताना एक पथ्य पाळायला हवे. ‘पाहा, लहान मुले किती हुशार!’ एवढाच बोध काढला तर ती वाया जाईल. लॉरेनला संगणकातले काही समजत नव्हते. तिला तीन गोष्टी मिळाल्या होत्या. तिला खऱ्या कामाच्या जवळ बसायला मिळाले. तिला हात लावायला मिळाला, आणि तोही नकलेला, जिथे बिघडले तरी कुणाचे नुकसान नव्हते. तिसरी गोष्ट म्हणजे तिच्या हातून जे झाले त्याची एका मोठ्या माणसाने दखल घेतली. या तीन गोष्टी आमच्या पाहण्यातल्या कार्यक्रमात होत्या का, या कसोटीवर आम्ही तो तपासला. पहिली वीस मिनिटांपुरती होती. बाकीच्या दोन नव्हत्या.

आमचे आक्षेप

पहिला आक्षेप असा की मुलांना इमारत दाखवली जाते, काम दाखवले जात नाही. गोपनीयतेचे कारण खरे आहे. ग्राहकाची माहिती कुणी उघडी ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. पण लॉरेननेही खऱ्या यानाच्या कळा दाबल्या नव्हत्या. एखादी खोटी बँक, खोटी तिकीट-खिडकी मुलांसाठी मांडून ठेवणे या मंडळींना मुळीच कठीण नाही. रोज तपासणीसाठी ते तेच करत असतात.

दुसरा आक्षेप. सगळे काही यशस्वी, चकचकीत आणि बिनचूक असल्याचे भासवले जाते. त्या चित्रफितीत एकही चूक नव्हती. ज्या धंद्याचे निम्मे शहाणपण चुकांतून आलेले आहे, त्याची ही ओळख अपुरी आहे. चुकांना घाबरणाऱ्या मुलांना तर ती हानिकारकही आहे. ‘माझी काल एक चूक झाली होती आणि ती शोधायला मला चार तास लागले’ असे एखाद्या वडिलांनी आपल्या मुलापुढे सांगितले असते, तर गणिताच्या वहीत खाडाखोड करायला लाजणाऱ्या त्या मुलाला केवढा धीर आला असता!

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत जास्त टोचतो, कारण त्यात आम्हीही दोषी आहोत. त्या इमारतीत त्या दिवशी कोण कोण काम करत होते? फाटकावर नावे लिहून घेणारे वॉचमन, कँटीनमध्ये साडेतीनशे ताटे वाढणारे लोक, फुगे फुटल्यावर रबराचे तुकडे वेचणाऱ्या मावशी, बस चालवणारे ड्रायव्हर. ते ठेकेदाराकडून आलेले. त्यांच्या मुलांना आमंत्रण नव्हते. आमच्याच वर्गातला एक मुलगा अशा एका ड्रायव्हरचा. त्याचे वडील रात्रपाळीच्या मंडळींना घरी सोडतात. निबंधाच्या दिवशी त्याने वहीत लिहिले होते, ‘माझ्या बाबांना ऑफिस नाही.’ खाली कोरे पान. ‘ऑफिस’ हा शब्द विषयात घालून ते पान कोरे ठेवायला आम्हीच त्याला भाग पाडले होते. खरे तर त्या संगणकांमागच्या रात्रीबद्दल वर्गात सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत होते. दोन वाजता कोण घरी येते, पाऊस झाला की वाकडच्या पुलापाशी किती वेळ अडकायला होते, हे तो सांगू शकला असता.

चौथा आक्षेप. दिवसभर मुलांना एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाले : “मोठे झालात की इथेच या हं!” अकरा वर्षांच्या मुलाला नोकरीचे आमंत्रण देण्याची घाई कशाला? त्याला आधी काम म्हणजे काय ते कळू द्यावे. कुणाला ते आवडेल, कुणाला आवडणार नाही. एका मुलाने परतताना बसमध्ये विचारले, “पण खिडकी उघडता येत नाही, मग त्यांना कोंडल्यासारखं नाही वाटत?” हा त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हते.

शाळेला काय करता येईल?

टीका करून मोकळे होणे सोपे असते, म्हणून आम्ही वर्गात केलेले दोन प्रयोग लिहितो.

पहिला प्रयोग पत्त्यांचा आहे. टिम बेल, इयन विटन आणि माइक फेलोज यांनी संगणक न वापरता संगणकशास्त्र शिकवण्याचे जे खेळ लोकप्रिय केले, त्यांतला हा एक. पुठ्ठ्याची ३६ कार्डे घ्यावीत. प्रत्येकाची एक बाजू पांढरी, एक रंगीत. एका मुलाला बोलावून पाच रांगांत पाच-पाच कार्डे मनाला येतील तशी, काही पांढरी काही रंगीत, मांडायला सांगावे. मग ‘थोडं अवघड करू या’ असे म्हणत आपण प्रत्येक आडव्या रांगेच्या शेवटी एकेक आणि खाली आणखी एक रांग जोडावी. जोडताना प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेतल्या रंगीत कार्डांची संख्या सम होईल असे पाहावे. आता आपण पाठ फिरवावी आणि मुलाने कोणतेही एकच कार्ड उलटावे. वळून पाहिले की ज्या आडव्या आणि ज्या उभ्या रांगेत रंगीत कार्डे विषम झाली असतील, त्या दोन रांगा जिथे मिळतात ते कार्ड उलटलेले! मुलांना ही जादू वाटते. दोन-तीनदा केल्यावर कुणीतरी युक्ती पकडतेच.

युक्ती कळली की सांगावे की माहिती साठवताना आणि पाठवताना एखादा शून्य उलटून एक झाला तर ते कळावे म्हणून संगणकात अशीच व्यवस्था असते. अपोलोच्या संगणकात प्रत्येक शब्दाचे पंधरा अंक माहितीचे आणि सोळावा अंक केवळ अशा तपासणीसाठी होता. चूक होणारच हे धरून चालायचे आणि ती सापडेल अशी सोय आधीच करून ठेवायची. त्या निबंध लिहिणाऱ्या मुलीच्या आईचे काम नेमके हेच.

दुसरा प्रयोग म्हणजे आम्ही भेटीची दिशाच उलटी केली. मुलांना ऑफिसात नेण्याऐवजी त्या आईला वर्गात बोलावले. आणखीही पालक बोलावले. तो ड्रायव्हर आला. एका मुलीची आई त्याच कंपन्यांपैकी एकीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते, तीही आली. सर्वांना तीनच प्रश्न आधी कळवले होते. तुम्ही कामावर पोचल्यावर पहिल्यांदा काय करता? तुमच्या कामात कोणती चूक होऊ शकते, आणि ती झाली तर कुणाला त्रास होतो? ती होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

ड्रायव्हरने झोप येऊ नये म्हणून तो काय काय करतो ते सांगितले. पोळ्या लाटणाऱ्या बाईंनी तीनशे माणसांच्या कणकेत पाण्याचा अंदाज चुकला तर काय होते ते सांगितले. तपासणीचे काम करणाऱ्या आईने फळ्यावर एक अर्ज काढला : नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय, मोबाइल क्रमांक. म्हणाली, “समजा, हा अर्ज संगणकावर आहे. तो बिघडवून दाखवा. मी रोज हेच करते.” मुले तुटून पडली. वय शून्य लिहिले तर? उणे पाच? दोनशे? ‘दहा’ असे अक्षरी लिहिले तर? सगळेच रिकामे सोडले तर? ती प्रत्येक सूचना फळ्यावर लिहीत गेली आणि यातल्या बहुतेक त्यांच्या यादीत आधीच आहेत असे सांगत गेली. मुले जास्तच चेवाला पेटली.

मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. तो सहसा बोलत नाही. म्हणाला, “मी वडिलांचं नाव लिहीत नाही. आईचंच लिहितो. तर तो अर्ज घेणारच नाही ना?” वर्ग शांत झाला. त्या बाईंनी खडू खाली ठेवला, पर्समधून छोटी वही काढली आणि त्याच्यासमोर ते लिहून घेतले. “हे आमच्या यादीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “उद्या विचारते.”

पुढच्या आठवड्यात आम्ही निबंधाचा विषय बदलून दिला : ‘माझ्या घरातले एक काम करणारे माणूस’. ड्रायव्हरच्या मुलाने दोन पाने लिहिली. आणि चार ओळी लिहिणाऱ्या त्या मुलीने या वेळी लिहिले, ‘माझी आई चुका शोधते. लोकांचे पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून ती बसलेली असते.’

कंपन्यांनी आपला दिवस जरूर साजरा करावा, फुगेही लावावेत. आमची मागणी फार मोठी नाही. त्या दिवसातला एक तास एका खोट्या अर्जाला आणि एका खऱ्या चुकीला द्यावा, आणि त्या इमारतीत राबणाऱ्या सगळ्यांच्या मुलांना बोलवावे. आपण शिक्षकांनी मात्र त्याची वाट पाहत बसू नये. ३६ पुठ्ठ्यांना आणि एका आईला वर्गात बोलावण्याला फारसा खर्च येत नाही. आपल्या वर्गात हे करून पाहिलेत तर मुलांनी विचारलेले प्रश्न आम्हांला अवश्य लिहून कळवा. न उघडणाऱ्या खिडकीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत.